जमिनीवरचा गिअर

कणकवलीच्या गॅरेजमध्ये मी माझ्या धाकट्या भावाच्या अंगावर पाना फेकला, तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते आणि माध्यमिक शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते. पाना त्याला लागला नाही. त्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर असा आदळला की बाहेर हायवेला उभा असलेला टेम्पोवाला आत डोकावून गेला. भावाने वाकून पाना उचलला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि तो आमच्याच गाडीच्या हेडलाइटवर मारला. काच फुटली. मग त्याने दुसराही हेडलाइट फोडला.

गॅरेजवाले मेस्त्री तोपर्यंत स्टुलावर शांत बसून होते. ते म्हणाले, "दोगांचा झाला आसात तर आता गाडयेचा बोलूया?"

माझा हात आधी उठतो आणि डोकं मागाहून येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेतही ठाऊक आहे. हल्ली मुलांवर हात टाकता येत नाही, म्हणून मी खडू मोडते. एका तासाला चार-पाच खडू मोडले की मुलं समजतात, आज बाईंच्या वाटेला जायचं नाही. हा राग वडिलांकडून आलाय असं मी बरीच वर्षं सांगत असे. वडील मारके होते ही गोष्ट खरी. पण माझा राग माझाच आहे, तो कुणाच्या नावावर टाकून मोकळं होता येत नाही.

भांडण गिअरबॉक्सवरून होतं. गाडी वडिलांची, माझ्या जन्माच्या आधीची. पुढे एकसंध लांब सीट, पुढची दोन्ही दारं उलटी, म्हणजे समोरच्या बाजूने उघडणारी, आणि गिअरची दांडी जमिनीवर नाही तर स्टिअरिंगच्या दांड्याला, डाव्या हाताशी. वडिलांनी ती मालवण ते आसपासची गावं अशी भाड्याने चालवली. ते गेल्यावर गाडी आम्हा दोघांच्या नावावर झाली, पण चालवतो भाऊ. त्याने ती घासूनपुसून उभी केली आणि लग्नात नवरदेव आणायला न्यायला लागला. आता पर्यटकही तिच्यात बसून किनाऱ्या-किनाऱ्याने फिरतात. त्याचं पोट या गाडीवर आहे. त्याहून खरं सांगायचं तर त्याची मान तिच्यामुळे ताठ आहे.

कारण भावाला डाव्या हाताला बोटं नाहीत. अंगठा आहे, तोही ताठ, आणि तळव्याचा अर्धा भाग. स्टिअरिंगची दांडी तो मनगटात अडकवून ओढतो आणि तळव्याने ढकलतो. इतकं सहज की शेजारी बसलेल्याला कळतही नाही. बाकी जगात त्याला लोक आधी हाताकडे बघून मग तोंडाकडे बघतात. या गाडीत तो ड्रायव्हर असतो.

त्या वर्षी मसुऱ्याच्या चढावर, मागे नवरदेव आणि त्याच्या दोन आत्या बसलेल्या असताना, गाडीचा दुसरा गिअर सुटला. दांडी आपोआप मधे येऊन पडली आणि गाडी मागे घसरायला लागली. भावाने ब्रेकवर उभं राहून ती थांबवली. आत्याबाईंनी जी बोंब ठोकली ती खालच्या वाडीपर्यंत गेली म्हणे. वरात उरलेला रस्ता पायी गेली.

मेस्त्र्यांनी गिअरची पेटी खोलली आणि आम्हा दोघांना बोलावून घेतलं. "दुसऱ्याचे दाते गेले," ते म्हणाले. "म्हाताऱ्याची हिरडी झाली हा. आता काय करूचा ता तुमी ठरवा."

त्यांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, जुनीच पेटी भंगारातले सुटे भाग आणून बांधायची. दोन वर्षं चालेल, नाहीतर दोन महिने. दुसरी, नव्या व्हॅनची पाच गिअरची पेटी बसवायची. तळाचा पत्रा कापून दांडी जमिनीवर येईल, सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतील, गाडी चढावर पळेल. तिसरी वाट सांगताना त्यांनी तोंड वाकडं केलं. पाच गिअरचीच पेटी, पण सळया आणि सांधे जोडत जोडत तिची दांडी वर स्टिअरिंगला आणायची. पाचवा गिअर वरपर्यंत पोचणार नाही, चार मिळतील. "पण ता काम माका सांगू नका," ते म्हणाले. "डोक्याचा भजा होतला माझ्या."

"दुसरी," मी म्हटलं. विचार करायला मी श्वासभरही थांबले नाही.

भाऊ म्हणाला, "बाय, जमिनीवरचो गिअर माका धरूक येवचो नाय." थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाय म्हणतात. "रिव्हर्साक दांडयेची रिंग दोन बोटांनी वर उचलूक लागता. माझी बोटां खंय आसत?"

मेस्त्री म्हणाले, हवं तर हूक वेल्ड करून देतो. भाऊ त्यांच्यावर ओरडला की मला थोट्याची गाडी नको. मी म्हटलं, मग दुसरा ड्रायव्हर ठेव, चढावर माणसं मारण्यापेक्षा ते बरं. तो म्हणाला, "तुका माका ह्या सीटवरसून उठवचा आसा, दुसरा काय नाय." आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ते खरं होतं. तेव्हाच मी पाना फेकला.

मला त्याला त्या सीटवरून उठवायचंच होतं. त्याचं ते मनगट दांडीत अडकलेलं मला बघवत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या गाडीत त्याच्या शेजारी बसले की खिडकीतून बाहेर बघत आले. दांडी जमिनीवर गेली की तो चालवणार नाही, आणि तो चालवत नसला की मला ते बघावं लागणार नाही. इतका साधा हिशेब होता माझा. वर मी त्याला सुरक्षिततेचं नाव दिलं होतं.

आता ते बघवत का नव्हतं, ते सांगते.

मी तेरा वर्षांची होते, तो सात. पुढच्या लांब सीटवर वडिलांच्या शेजारी बसायची जागा माझी होती. वडील क्लच दाबत आणि म्हणत, "घाल दुसरो." मग मी हात लांब करून दांडी ओढायची. वडिलांच्या हातचा मार मी भरपूर खाल्ला, पण गिअर घालताना त्यांनी मला कधी मारलं नाही. गाडी माझ्या हाताने वेग घेतेय असं वाटायचं. मला जगात दुसरं काही नको होतं.

एका रविवारी निघताना भावाला पुढे बसवून ते म्हणाले, "आता तो घालतलो. तू मागे बस. चेडवाक कित्याक होयो गिअर?" मुलीला गिअर कशाला, म्हणून.

मालवणच्या बंदराजवळ गाडी उभी करून ते मासे घ्यायला गेले. वारा खूप होता, वाळू डोळ्यांत जात होती. मी मागून उतरले. पुढचं डावं दार उघडं होतं. भाऊ सीटवर गुडघ्यांवर उभा होता, उजवा हात दांडीवर, डावा हात दाराच्या चौकटीला धरलेला, तोंड पलीकडे. जीभ बाहेर काढून तो तोंडाने इंजिनाचा आवाज करत होता आणि दांडी वरखाली करत होता. माझी दांडी. मी दोन्ही हातांनी दार लोटलं, अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोराने.

त्याची बोटं मला दिसली होती का, हे मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. दिसली होती. मी दार लोटलं तेव्हा चारही बोटं चौकटीवर होती आणि मी ती बघत होते.

दार पुरतं लागलं नाही आणि उघडेनाही. मला ते दोनदा ओढावं लागलं. त्याचा आवाज पहिल्यांदा आलाच नाही, नुसतं तोंड उघडलं होतं. मग आवाज आला आणि वडील माशांची पिशवी टाकून पळत आले.

"वाऱ्यान आपटला," मी म्हणाले.

वडिलांनी समुद्राकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि मला अशी थप्पड मारली की मी वाळूत पडले. "तू खंय होतंस? लक्ष खंय होता तुझा?" घरी आल्यावर पट्ट्याने मारलं. दाराला लाथा घालून घालून त्याचा पत्रा आत नेला. इस्पितळात बोटं काढावी लागली, जखम चिघळली म्हणून पुन्हा थोडा हात काढला, आणि प्रत्येक वेळी तिथून आल्यावर मला मारलं, लक्ष ठेवलं नाही म्हणून. मार भरपूर बसला, पण दुसऱ्याच गुन्ह्याचा. पहिला गुन्हा होता तिथेच राहिला.

भाऊ कधी काही बोलला नाही. हाताला काय झालं असं कुणी विचारलं की सांगायचा, "वाऱ्यान दार लागला." आणि सांगताना माझ्याकडे बघायचा. वडिलांच्या तेराव्यालासुद्धा एका पाहुण्याला त्याने तसंच सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटायचं, हा मला सांभाळून घेतोय. पुढे वाटायला लागलं, हा मला सांभाळून घेत नाही, हा मला टोचतोय. त्याच्या चांगुलपणाचा मला इतका संताप यायचा की त्याच्याशी चार वाक्यं धड बोलणं जमेना. तो हसला तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हेडलाइट फुटल्यावर मेस्त्रीच म्हणाले, "तुमचा एकमत होवचा नाय. देवाक इचारा."

आमच्याकडे ही रीत आहे. जमिनीची वाटणी, मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, काही अडलं की ग्रामदेवतेला कौल लावायचा. गुरव देवाच्या दगडी मूर्तीवर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि कुठल्या बाजूची पाकळी आधी पडते ते बघायचं. मी नागरिकशास्त्र शिकवते, मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोन सांगते, आणि कौलाला एका पायावर तयार झाले. देव माझ्या बाजूने बोलला की भावाला तोंड उघडता येणार नाही, हा माझा डाव.

सकाळी आठला आम्ही देवळात गेलो. मेस्त्रीही आले होते. स्वतःचे कौल घेऊन आलेले चार-पाच गाववाले ओळीने बसले होते. प्रश्न गुरवाला मीच सांगितला. जमिनीवरचा गिअर बसवायचा असेल तर उजवी पाकळी, स्टिअरिंगचा ठेवायचा असेल तर डावी. गुरवाने हात जोडून सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ही दोगां भावंडां तुझ्या पायाकडे इली आसत. व्हय म्हाराजा. बापाशीच्या गाडयेवरसून तेंच्यात वाद झालो हा. व्हय म्हाराजा. काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल आणि खरी वाट दाखव. व्हय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागचे सगळे म्हणाले.

पाकळी पडेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. कुणीतरी खोकलं. गुरवाने पाकळ्यांवर पुन्हा पाणी शिंपडलं, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. काही हललं नाही. मग तो आमच्याकडे वळला. कौल अडला की गुरव हेच विचारतो, याआधी मी कितीदा तरी ऐकलं होतं.

"काय तरी लपयल्यात तुमी," तो म्हणाला. "देवाक सगळा सांगूक नाय. कोणाच्या मनात काय आसा ता आता बोला."

भाऊ म्हणाला, "माझ्या मनात काय नाय." आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

तेच बघणं. चाळीस वर्षं तेच. मी उठून उभी राहिले. मला पश्चात्ताप झाला म्हणून मी बोलले असं कुणी समजू नये. मला राग आला म्हणून मी बोलले.

"बगतंस काय असो? सांग ना सगळ्यांका! सांग, दार माझ्या बायन आपटला म्हणान! चाळीस वर्सां गप रवान माका जाळलंस तू. वारो, वारो, वारो! तुका म्हायत आसा वारो नव्हतो. मी आपटलंय. तुझी बोटां बगान आपटलंय. झाला? आता घाल तुझो गिअर खंय होयो थंय!"

देवळात कुणीही व्हय म्हाराजा म्हटलं नाही.

भावाचा चेहरा बघून मला कळलं. त्याला माहीत नव्हतं. सात वर्षांचं पोर, पाठ फिरवून, दांडीशी खेळत होतं. सगळ्यांनी वारा सांगितला, त्याने वारा धरला. तो माझ्याकडे बघायचा ते त्या दिवशी तिथे मी होते म्हणून. मी साक्षीदार होते त्याची. मान डोलवावी, हो रे, फार वारा होता रे त्या दिवशी, इतकंच त्याला हवं असायचं.

"वारो नव्हतो?" त्याने विचारलं. आवाज अगदी हळू होता.



त्याने मला डाव्या हाताने मारलं. बोटं नसलेला हात हाडासारखा लागतो. माझा ओठ दातांवर फाटला आणि मी खांबावर जाऊन आदळले. मी उठायच्या आत त्याने माझा अंबाडा उजव्या हातात धरला आणि मला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. पाठीत लाथ बसली, मग दुसरी बसली. "चाळीस वर्सां वाऱ्याक गाळी घातलंय मी!" तो ओरडत होता. "वाऱ्याक! बापाशीन तुका मारल्यान तेवा मी तेच्या पायार पडान सांगलंय, बायक मारू नको, तिचो काय दोष नाय म्हणान!" हे मात्र मी विसरले होते. पट्टा चालू असताना तो हाताला पांढरं बँडेज बांधलेल्या अवस्थेत वडिलांच्या पायाला मिठी मारायचा. तेव्हा मला वाटलं होतं, नाटक करतोय.

चौघांनी त्याला मागे ओढलं. मी हात वर करून मार चुकवला नाही. मोठेपणा नव्हता त्यात, हातच उठले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा ते उठले नाहीत.

पाकळ्या त्या गोंधळात कधीतरी पडल्या. दोन्ही खाली सापडल्या, आधी कुठली पडली ते कुणीच बघितलं नव्हतं. गुरव म्हणाला, हा कौल धरता येणार नाही.

ओठाला चार टाके पडले. शाळेत विचारलं तेव्हा मी सांगितलं की भावाने मारलं, आणि पुढे कुणी विचारलं नाही. टाके काढल्यावर मी मेस्त्र्यांकडे गेले आणि तिसरी वाट म्हटलं. ते नाही म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी गेले, ते पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी पर्स खुंटीला लावली, साडी खोचली आणि सळई धरून बसले. त्यांनी शिव्या घालत वेल्डिंगचा चष्मा चढवला.

शाळा सुटली की रोज एसटीने कणकवलीला जायचे. मेस्त्री सळया जोडत, सांधे बसवत, काढून पुन्हा बसवत. जोडून झालं की मी सीटवर बसायचे. डाव्या हाताची बोटं मुठीत मिटून वर फडकं घट्ट बांधायचे आणि दांडी मनगटाने ओढून बघायचे. पहिल्या दिवशी एकही गिअर पडला नाही. मनगट सुजलं, सालपटं निघाली. "जड आसा," मी म्हणायचे. मेस्त्री सांधा सोडवून पुन्हा घासायचे. तिसरा लवकर जमला, दुसरा जमेना. दुसऱ्यासाठी मनगट आत वळवून खाली ओढावं लागत होतं आणि हाडातून कळ जात होती. तेव्हा मला कळलं की माझा भाऊ इतकी वर्षं सहज म्हणून जे करत होता ते सहज नव्हतंच. मी खिडकीबाहेर बघत होते म्हणून मला ते माहीत नव्हतं. गॅरेजमध्ये त्या लांब सीटवर बसून मी ढसाढसा रडले. मेस्त्री बाहेर जाऊन विडी ओढत बसले.

अखेर लोणी कापावं तसा दुसरा पडला. नव्या काचा लावून मेस्त्री गाडी स्वतः भावाकडे सोडून आले. भावाने काय म्हटलं, असं मी विचारलं. "काय नाय," ते म्हणाले. "एक फेरी मारून इलो आणि घरात गेलो."

पुढचे चार-पाच महिने आम्ही बोललो नाही. गाडी रस्त्याने जाताना दिसायची, बॉनेटवर झेंडूच्या माळा असायच्या. चढावर तिचा आवाज बदललेला कळायचा.

मग एका सकाळी मी एसटीची वाट बघत उभी असताना गाडी समोर येऊन थांबली. भाऊ समोर रस्त्याकडे बघत होता. "बस," तो म्हणाला.

मी पुढचं डावं दार उघडून बसले आणि लावायला हात पुढे केला.

"दाराक हात लावू नको."

मी हात मागे घेतला. तो उतरला, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आला, चौकटीवर काही नाही ना ते नीट बघितलं आणि तळव्याने दार दाबून लावलं. मग परत जाऊन बसला. पहिला, दुसरा, तिसरा. या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं नाही.  शाळेच्या फाटकाशी गाडी थांबल्यावर मी हँडलला हात लावणार होते. तो म्हणाला, "थांब," आणि पुन्हा उतरून आला.

आता तो आठवड्यातून दोन-तीनदा मला सोडतो. कधी दोन शब्द बोलतो, कधी नाही. दार मात्र दर वेळी तो उतरून लावतो आणि उतरून उघडतो. फाटकाशी उभ्या असलेल्या पालकांना ते फार आवडतं. परवा एक आई मला म्हणाली, "बाई, भाऊ असावा तर असा, बहिणीसाठी रोज उतरून दार उघडतो." मी हो म्हटलं. त्याने दार उघडेपर्यंत मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहते.